मे महिन्याचं गाव



लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांच्या स्मरणार्थ बोलायला उभं राहताना मन दबून जातं. इथून, कुर्ल्यातून, घाटकोपरचं चिरागनगर हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या झोपडीत बसून या माणसाने आपलं जन्मगाव वाटेगाव लिहिलं. 1931 साली, अकरा वर्षांचा असताना, तो आईवडिलांबरोबर वाटेगावहून मुंबईला पायी चालत आला. गाडीभाड्याला पैसे नव्हते. वाळवा तालुक्यातलं वाटेगाव ते मुंबई हे अंतर त्या वयात पायांनी मोजलेल्या मुलाला गाव कसं आठवत असेल, हा प्रश्न मला गेली काही वर्षं सतावतो आहे. कारण माझ्याकडेही गावाच्या आठवणी आहेत आणि या सभागृहातल्या निम्म्याहून अधिक जणांकडे असतील. आपण त्या प्रेमाने सांगतो, नातवंडांना ऐकवतो. त्या आठवणी खऱ्या किती, याबद्दल आज मला बोलायचं आहे.

माझे वडील कुर्ल्याच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, शास्त्री नदीच्या खोऱ्यातलं. चाळीत आम्ही एका खोलीत सात माणसं राहायचो, त्यातले दोघे गावाकडून नोकरी शोधायला आलेले. गिरणीचा भोंगा झाला की चाळ उठायची. परीक्षा संपली की आई ट्रंक काढायची, आजीसाठी नऊवार लुगडं, चुलत्यासाठी टॉवेल, मुलांसाठी बिस्किटांचे पुडे आणि चहाची पावडर भरायची आणि आम्ही एसटीने गावाला निघायचो. पनवेल, पेण, महाड. पोलादपूरला गाडी थांबली की कशेडी घाटाच्या भीतीने बायका डोळे मिटून घ्यायच्या. परशुराम घाट उतरताना चिपळूण दिसायचं आणि वडील म्हणायचे, आता आलं. ते ‘आलं’ आणखी दोन तास चालायचं.

गाव म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं असतं तर मी त्या वयात धडाधडा सांगितलं असतं. गाव म्हणजे फणस. कापा वेगळा, बरका वेगळा. गाव म्हणजे तळहात लाल करणारे रातांबे आणि अंगणात वाळत घातलेली आमसुलं. काजूच्या बोंडूने तुरटलेली जीभ, करवंदाच्या जाळीत फाटलेला सदरा, परातीत पसरलेला आंब्याचा रस आणि त्याची साठं. रात्री पडवीत घोंगडीवर झोपायचं. आजी नाचणीची भाकरी थापायची ती पितळीएवढी. आम्ही आलो की कोंबडी कापली जायची. मला वाटायचं, गावात रोजच कोंबडी कापतात.

चाकरमान्याच्या मुलाला गाव मिळतं ते एवढंच, वर्षातले चाळीस दिवस. शिमग्याला शाळा असायची. गणपतीला वडील एकटे जायचे, कारण रजा कमी आणि भाडं जास्त. म्हणजे माझ्या लहानपणीचं गाव हे मे महिन्याचं गाव होतं. तिथे कधी पाऊस पडत नव्हता. तिथे कुणी आजारी नव्हतं. शेतं रिकामी होती, माणसं घरी होती, झाडं लगडलेली होती, आणि आम्ही पाहुणे होतो.

पाहुण्याच्या डोळ्याला काय दिसत नाही, याची दोन-तीन उदाहरणं सांगतो.

आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला खोताचं घर होतं. आम्हा मुलांना ते घर म्हणजे कलमांची बाग. दगड मारला की आंबा पडतो आणि आतून कुणीतरी ओरडतं, एवढाच आमचा खोताशी संबंध. माझ्या आजीचा संबंध वेगळा होता. तिच्या तरुणपणी भात झोडून खळ्यावर रास पडली की खोताचा माणूस यायचा आणि अर्धेल मोजून न्यायचा. घरचं लग्न असो वा बाळंतपण, खोताच्या घरी वेठीला जावं लागायचं. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी जानेवारीत कोकणातल्या कुणब्या-महारांसह हजारो शेतकरी मोर्चाने विधिमंडळावर चालून गेले. प्रत्यक्षात खोती गेली ती 1949 च्या कायद्याने. माझ्या जन्माच्या थोडंसंच आधी. म्हणजे मी ज्या अंगणात साठं खात बसलो होतो, त्या अंगणाचा हा ताजा इतिहास होता. मला तो कुणी सांगितला नाही आणि मी विचारला नाही. मी आंबे खात होतो.

दुसरी गोष्ट मला अजून सांगायला जड जाते. चाळीत आमच्या खालच्या मजल्यावर माझा एक मित्र राहायचा. आम्ही पालिकेच्या शाळेत एका बाकावर बसायचो. त्याचं गाव आणि माझं गाव एकच. त्याचं घर पऱ्यापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या, बौद्धवाडीत होतं. कुर्ल्यात आमच्या दोघांच्या आया एकाच नळावर भांडायच्या आणि एकाच नळावर हंडे भरायच्या. एका मे महिन्यात आम्ही दोघेही गावी होतो. विहिरींचं पाणी तळाला गेलं होतं. मी त्याला म्हणालो, चल, आमच्या विहिरीवर पोहायला. तो आला नाही. तो म्हणाला, इथं नको, आपण कुर्ल्याला भेटू. दहा वर्षांच्या मुलाला जे ठाऊक होतं ते मला ठाऊक नव्हतं. मी रागावून घरी आलो आणि आजीला सांगितलं. ती काही बोलली नाही, भाकरी उलटत राहिली. जूनमध्ये शाळा सुरू झाली, आम्ही पुन्हा एका बाकावर बसलो, आणि त्या विहिरीचा विषय आम्ही कधीच काढला नाही.

अण्णा भाऊंचं गाव त्या मुलाच्या गावासारखं होतं. वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेल्या माणसाला गावाच्या आठवणीत फणस आणि साठं वाट्याला येत नाहीत. त्यांची ‘फकिरा’ कादंबरी 1959 साली आली. त्यातल्या दुष्काळात भूक आहे, तिच्यासाठी घातलेला दरोडा आहे आणि जातीचा पहारा आहे. तरी त्यात गावावरचं प्रेम ओतप्रोत आहे. हे त्यांना कसं जमलं? माझं उत्तर असं: ते गावी पाहुणे म्हणून कधी गेलेच नव्हते. बाराही महिने त्यांना माहीत होते.

मला पहिल्यांदा कळलं की गावाला डिसेंबरही असतो, ते 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे. फळीवरची भांडी खडखडली, चाळीतली माणसं जिन्यावरून खाली धावली. सकाळी बातमी आली की कोयनेला भूकंप झाला. कोयना म्हणजे आमच्या गावाच्या डोंगरापलीकडे. वडील कामावर गेले नाहीत, पोस्टाच्या दारात उभे राहिले. आठ दिवसांनी चुलत्याचं पत्र आलं की घराची एक भिंत फाटली आहे, गुरं सुखरूप आहेत. त्या आठ दिवसांत मी गावाचा जितका विचार केला तितका एकाही मे महिन्यात केला नव्हता. थंडीत आजी काय पांघरत असेल, हा विचार मला तोवर शिवलाही नव्हता.

पुढच्या वर्षी जुलैत आजोबा गेले. तार आली. वडिलांनी मला बरोबर घेतलं. त्या पंधरा दिवसांनी माझं मे महिन्याचं गाव मोडलं.

मला गावाची वाट ओळखू आली नाही. मी जिथे क्रिकेट खेळलो होतो तिथे गुडघाभर चिखल होता आणि त्या चिखलात माझी आजी, सुतकातली, वाकून उभी होती. भाताची लावणी थांबत नाही. मरण आलं म्हणून तरवा, भाताची रोपं, वाट पाहत नाहीत. डोक्यावर इरलं, कमरेला खोचलेलं लुगडं, हातात तरव्याची जुडी. आजूबाजूला वाडीतल्या सात-आठ बायका, सगळ्या वाकलेल्या. वरून पाऊस. पुरुष मोजके, कारण पुरुष आमच्या कुर्ल्यात, परळात, लालबागला गाळ्यांत झोपत होते. दुपारी घरी आलो तर कणगी रिकामी होती. मी आत हात घालून पाहिलं. मेमध्ये आम्ही सात माणसं महिनाभर जेवलो होतो ते कुठून, हे मला त्या रिकाम्या कणगीने सांगितलं. आम्ही पावसाळ्याचं भात खाऊन गेलो होतो. रात्री पेज आणि टाकळ्याची भाजी. दुसऱ्या दिवशी पेज आणि भारंगी. आजी म्हणाली, गौरीपर्यंत असंच असतंय.

वडील दर महिन्याला मनिऑर्डर करायचे. गाव आमच्या मनिऑर्डरवर जगतं, असं आमच्या चाळीत सगळे मानत. ते अर्धं खरं आहे. दुसरं अर्धं कुणी बोलत नाही. गिरणीचा पगार एका माणसाच्या पोटाला बेताचा होता, कारण त्याच्या घराचं पोट गावातली बाई शेतात वाकून भरत होती. कामगार आजारी पडला, संप झाला, बदलीवरून काढलं, तर तो गावी जाऊन जेवायचा. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, तेव्हा हजारो घरं तगली ती गावच्या तांदळावर. त्या तांदळाचा हिशेब कोणत्याही गिरणीच्या वहीत नाही. अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत संयुक्त महाराष्ट्राचा अर्थ आहे, बेळगाव-कारवारचं दुःख आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ते दुःख सांगायला शाहिराला मागे राहिलेली बाईच का सुचली? कारण समोर बसलेल्या प्रत्येक गिरणी कामगाराची एक मैना खरोखर गावावर राहिली होती.

त्याच जुलैतली एक रात्र. चुलतभावांनी मला बत्ती घेऊन शेतावर नेलं. पहिल्या जोराच्या पावसात बांधाच्या बिळांतून खेकडे बाहेर येतात, ते पकडायला. आजी त्यांना कुर्ल्या म्हणायची. सकाळी चुलीवर रस्सा शिजत असताना तिने सहज विचारलं, “तुमच्या कुर्ल्यात कुर्ल्या नाय गावत?” मी हसलो. मग थांबलो. बारा-तेरा वर्षं मी कुर्ल्यात राहत होतो आणि त्या नावाचा अर्थ मला कधी दिसला नव्हता. कुर्ल्याचं नाव कुर्लीवरून पडलं असं सांगतात, कारण मिठी नदीच्या खाजणात खेकडे मुबलक होते. मी ज्याला शहर म्हणत होतो ते एका प्राण्याच्या नावाचं गाव होतं.

मे महिन्यालाच गाव समजलो, ही माझी पहिली चूक. आता मी दुसरीकडे येतो. ती मला पहिलीपेक्षा मोठी वाटते.

1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये कुर्ल्याची नोंद गाव म्हणून आहे. वस्ती 9,715. गिरणीतले कामगार, कोळी आणि मीठ पिकवणारे. धरमसी पुंजाभाईंची गिरणी तिथे होती, 92 हजारांवर चाती आणि 1,280 माग. तीच गिरणी 1886 मध्ये जमशेटजी टाटांनी घेतली आणि तिला स्वदेशी हे नाव दिलं. त्याच्या आधी, 1805 मध्ये शीवचा बांध पुरा झाला आणि मुंबई बेट साष्टीला जोडलं गेलं. 1808 मध्ये सरकारने कुर्ला आणि आसपासची सहा गावं होरमसजी बमनजी वाडियांना दिली, मुंबईतल्या एका जमिनीच्या बदल्यात. सात गावं, एका तुकड्यासाठी. 1853 मध्ये बोरीबंदर-ठाणे रेल्वे इथून गेली. 1925 च्या 3 फेब्रुवारीला देशातली पहिली विजेची गाडी धावली ती व्हिक्टोरिया टर्मिनसहून इथे, कुर्ल्याला. हे सगळं शाळेत शिकलो. पण त्यात राहणाऱ्या माणसांचं गाव आम्ही कधी पाहिलं नाही.

होली क्रॉस चर्चच्या आजूबाजूचं गावठाण आमच्या चाळीपासून दहा मिनिटांवर होतं. तिथले ईस्ट इंडियन लोक आमच्यासारखीच मराठी बोलतात, हे मला मोठेपणी कळलं. लहानपणी त्यांच्या नावांवरून आम्ही त्यांना परके समजत होतो. पोर्तुगीजांच्या काळात धर्म बदलला, पण भातशेती, ओव्या आणि लग्नातला हळदीचा थाट तसाच राहिला. कोले-कल्याणला, ज्याला आज आपण कलिना म्हणतो, त्यांची शेतं होती. मे महिन्यात गावठाणातल्या बायका मिरच्या वाळत घालायच्या, डझनावारी मसाले भाजायच्या, उखळात मुसळांनी कुटायच्या आणि वर्षाचा बॉटल मसाला बाटल्यांत भरून ठेवायच्या. तो वास अख्ख्या गल्लीत भरायचा असं म्हणतात. मला तो लहानपणी कधीच आला नाही, कारण मेमध्ये मी संगमेश्वरला होतो.

म्हणजे बघा. संगमेश्वरचं गाव पावसात जगत होतं तेव्हा मी कुर्ल्यात होतो. कुर्ल्याचं गाव उन्हात मसाला कुटत होतं तेव्हा मी संगमेश्वरला होतो. दोन गावांच्या मधल्या एसटीत माझं बालपण गेलं आणि मी दोन्हीकडे पाहुणाच राहिलो. 1950 मध्ये उपनगरं बृहन्मुंबईत आली. 1977 पासून मिठीच्या काठच्या खाजणावर वांद्रे-कुर्ला संकुलाचं नियोजन सुरू झालं. जिथे कुर्ल्या होत्या तिथे आता काचेच्या इमारती आहेत, आणि संकुलाच्या नावात तेवढा खेकडा शिल्लक आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, मिठी फुगली आणि आपल्या घरांत शिरली. ते पाणी आपलं जुनं खाजण शोधत आलं होतं. हे गावठाणातल्या म्हाताऱ्या माणसांनी ओळखलं. आपण त्यांना विचारलं नव्हतं.

इथे मला थोडं दूर जायचं आहे, इंग्लंडच्या उत्तरेला, लँकेशायरमध्ये. तुम्ही म्हणाल, कुर्ल्याचा आणि लँकेशायरचा काय संबंध? संबंध आपल्या बापांच्या हातातून गेला आहे. 1854 मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढली. तिची यंत्रं ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची होती, आणि पुढेही मुंबईच्या असंख्य गिरण्यांत त्याच नावाचे साचे फिरले. ज्या ओल्डहॅममध्ये ते घडले त्याच्या शेजारी मिडलटन नावाचं विणकरांचं गाव होतं. तिथे 1788 मध्ये सॅम्युएल बॅमफर्ड हा मुलगा जन्मला. तो विणकर झाला, 1819 मध्ये मिडलटनच्या माणसांना घेऊन मँचेस्टरच्या पीटर्लूच्या सभेला गेला. तिथे घोडदळाने लोक तुडवले आणि त्याला तुरुंगवास झाला. पण मला त्याची आठवण येते ती ‘अर्ली डेज’ या 1849 च्या पुस्तकासाठी. त्यात त्याने आपल्या लहानपणीचं गाव लिहून ठेवलं. चर्चच्या जमिनीवर अंथरायला लव्हाळ्याच्या गाड्या सजवून नेण्याची जत्रा, मुलांचे खेळ, भुताखेतांच्या गोष्टी, आणि त्याच ओळीत घरातलं आजारपण, गरिबी, मरण. गिरण्यांनी ते गाव गिळायच्या आत एका विणकराने ते बारमाही गाव कागदावर उतरवलं. म्हणून आज तिथल्या माणसाला आपण कुठून आलो ते सापडतं.

त्या मुलखातल्या गिरणगावांत वर्षातून एकदा ‘वेक्स’च्या आठवड्यात सगळ्या गिरण्या बंद व्हायच्या आणि अख्खं गाव आगगाडीने ब्लॅकपूलच्या समुद्रावर जायचं. त्यांचा कामगार सुटीत समुद्रावर गेला, आपला कामगार सुटीत घरी गेला. तिथल्या कामगाराचं गाव गिरणीच्या धुरात मिसळून गेलं होतं. आपलं गाव शाबूत राहिलं, कारण बाया ते सांभाळून होत्या. 1931 च्या सप्टेंबरात गांधीजी लँकेशायरला डार्वेनजवळच्या एका वस्तीत मुक्कामाला राहिले. परदेशी कापडाच्या बहिष्काराने ज्यांचे माग थांबले होते त्या माणसांशी ते बोलले आणि भारतातल्या खेड्यांची दशा त्यांना सांगितली. त्याच वर्षी अकरा वर्षांचा एक मुलगा वाटेगावहून पायी मुंबईला निघाला होता. या दोन गोष्टी मी शेजारी ठेवतो तेव्हा मला खेडं हा शब्द फार मोठा वाटायला लागतो.

बॅमफर्डने लिहिलं, अण्णा भाऊंनी लिहिलं. दीड दिवसाची शाळा असलेल्या माणसाने लिहिलं. आपण शिकलेल्यांनी काय लिहिलं? आपण फणस लिहिले. दिवाळी अंकांत, स्मरणिकांत, ग्रामस्थ मंडळांच्या अहवालांत फणस, पडवी आणि आजीची भाकरी. मीसुद्धा लिहिली आहे. त्या भाकरीचं पीठ कुठून आलं, हे त्यात नसतं. विहिरीवर कोण येऊ शकत नव्हतं, हे नसतं. मी हे प्रेम खोटं आहे असं म्हणत नाही. चाळीस दिवसांचं प्रेमही प्रेमच असतं. पण त्याला बालपणीचं गाव म्हणून मुलांच्या हाती देणं म्हणजे आजीच्या आयुष्यातले तीनशे पंचवीस दिवस कापून टाकणं आहे.

स्वदेशी 2000 मध्ये बंद पडली. आता आपल्यात ना भोंगा आहे ना साचा. कोकण रेल्वे आहे, पूर्वीची कशेडीची भीती नाही. आपल्या मुलांना गाव आहे, पण आपल्याहून कमी दिवसांचं, पाच-सहा दिवसांचं, गणपतीचं. माझ्या मित्राशी गेल्या वर्षी बोलणं झालं. तो आता कल्याणला राहतो. साठ वर्षांनी मी त्याला विहिरीबद्दल विचारलं. तो म्हणाला, तू त्या दिवशी रागावून गेलास, मागे वळून पाहिलं असतंस तर मी तिथेच उभा होतो. मग तो बराच वेळ बोलला, बौद्धवाडीतल्या त्याच्या मे महिन्याबद्दल, त्याच्या आईने पऱ्यात पाण्यासाठी खणलेल्या डवऱ्याबद्दल, रात्रभर थेंब थेंब भरणाऱ्या हंड्याबद्दल. माझ्या गावाचा हा अर्धा भाग मला सत्तरीत कळला. आता मी तो लिहून काढतो आहे. त्याचा मजकूर, त्याच्या शब्दांत, त्याच्या परवानगीने.

तुमच्याकडे मी एवढंच मागतो. या वर्षी रजा मेमध्ये घेऊ नका, जुलैत घ्या. लावणीच्या दिवसांत गावी जा, चिखलात उतरा, आणि जी बाई तिथे मागे राहिली तिच्याजवळ संध्याकाळी वही घेऊन बसा. तुमच्या वाडीच्या पऱ्यापलीकडच्या वाडीतही जा. आणि मे महिन्यात कुर्ल्यातच थांबून गावठाणात जा. मसाला कुटणाऱ्या हातांपैकी काही अजून तिथे आहेत. त्यांची मराठी ऐका, त्यांचं कुर्ला उतरवून घ्या. माझी आजी गेली तेव्हा तिचं बोलणं लिहिलेलं एक पानही माझ्याकडे नव्हतं.